नाकाची अ‍ॅलर्जी आणि रोगप्रतिकारक पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनची सोंगणी आटोपून शेतात थ्रेशर उभा राहिला की आमच्या भागात शिंकांचा हंगाम सुरू होतो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि या हंगामात माझे स्वतःचे नाकही गळते; त्यामुळे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शेजारपाजारचे शेतकरी मला जे प्रश्न विचारत आले, ते व त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कोणते औषध किती घ्यावे हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. नाकाच्या आत कोणती पेशी कोणत्या वेळी काय करते, एवढेच मला सांगायचे आहे. कारण पेशींचे हे वेळापत्रक समजले की एखादे औषध शेतात जाण्यापूर्वीच का घ्यायचे आणि दुसरे हंगामाच्या आधीपासून का सुरू करायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : साधी सर्दी आणि नाकाची अ‍ॅलर्जी यांतला फरक कसा ओळखावा?

सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यात अंग मोडून येते, घसा दुखतो, कधी ताप असतो, नाकातले पाणी दोन-तीन दिवसांत घट्ट होते आणि आठ-दहा दिवसांत प्रकरण संपते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. एकामागून एक येणाऱ्या शिंका, नाकाला, डोळ्यांना व टाळूला सुटणारी खाज, पाण्यासारखा पातळ स्राव आणि चोंदलेले नाक अशी चौकडी असते, व कारण समोर असेपर्यंत ती आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते. विषाणूशी लढताना इंटरफेरॉन हे विषाणूरोधक रसायन, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी पेशी पुढे असतात. अ‍ॅलर्जीत नाकातच राहणाऱ्या मास्ट पेशी, रक्तातून येणाऱ्या इओसिनोफिल व बेसोफिल या पांढऱ्या पेशी आणि वेगळ्या वळणाच्या टी पेशी असतात. आपल्याला दरवर्षी पाच-सहा वेळा सर्दी होते आणि ती नेमकी पोळा ते दिवाळी याच काळात होते, असे कोणी सांगितले की मला विषाणूपेक्षा गाजरगवताचा संशय अधिक येतो.

प्रश्न : माझी प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हा त्रास होतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्यामागचा समज नेमका उलटा आहे. परागकण, धुळीतील किड्यांची विष्ठा, बुरशीचे बीजाणू या गोष्टी शरीराला अपाय करणाऱ्या नाहीत. ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्याच्या नाकातही त्या तेवढ्याच जातात आणि शेंबडाबरोबर बाहेर पडतात. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा मात्र या निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजते, आणि जे हत्यार बहुधा जंतांसारख्या मोठ्या परजीवींसाठी घडले असावे, ते त्यांच्यावर चालवते. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारा म्हणून विकला जाणारा काढा किंवा चूर्ण या आजारावर घेण्यात मला अर्थ दिसत नाही. जो राखणदार वाऱ्याने हललेल्या पऱ्हाटीवरही गोफण चालवतो, त्याला आणखी गोटे पुरवून पीक वाचत नाही.

प्रश्न : मी वीस वर्षांपासून सोयाबीन पेरतो, त्रास मात्र चार वर्षांपासूनच सुरू झाला. असे कसे?

कारण अ‍ॅलर्जी ही शरीराने शिकलेली गोष्ट आहे, आणि ते शिकणे गुपचूप चालते.

नाकाच्या आतील त्वचा म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची भिंत. घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांच्या विष्ठेत आणि काही बुरशींच्या बीजाणूंत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती या भिंतीचे सांधे सैल करतात. धूर आणि विषाणूंचा संसर्गही भिंत दुबळी करतो. इजा झालेल्या भिंतीच्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या इंटरल्यूकिन-३३ आणि टीएसएलपी नावाचे धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. भिंतीच्या लगतच डेंड्रिटिक पेशी फांद्या पसरून बसलेल्या असतात. त्या आत आलेले प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे अंगावर मिरवत मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत जातात. तेथे अजून कोणतेही वळण न लागलेल्या टी पेशी असतात. त्यांपैकी जिच्याशी तो तुकडा जुळतो, ती जागी होते. आणि भोवती धोक्याचे ते विशिष्ट निरोप असतील तर ती 'टीएच-२' या वळणाला लागते. अ‍ॅलर्जीची दिशा येथेच ठरते, कारण तोच तुकडा शांत वातावरणात दाखवला गेला असता तर त्याला सहन करण्याचा धडाही दिला गेला असता.

टीएच-२ पेशी पुढे इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ सोडतात. त्यांच्या हुकुमाने बी पेशी आपले उत्पादन बदलून आयजीई या जातीची प्रतिपिंडे (विशिष्ट प्रथिन ओळखून धरणारे रेणू) बनवू लागतात. रक्तातील प्रतिपिंडांच्या पाच जातींपैकी आयजीईचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि रक्तात मोकळे असताना ते दोन-तीन दिवसच टिकते. पण मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे रेणू बसण्याच्या जागेला, एकदा चिकटले की आठवडेच्या आठवडे तेथेच राहते. म्हणजे सुरुंग पेरून झालेला असतो, आणि माणसाला एकही शिंक आलेली नसते. या टप्प्याला काही आठवडे लागतील की अनेक वर्षे, हे अनुवंश, भोवतालचा धूर, संसर्ग आणि प्रथिनाची मात्रा यांवर अवलंबून असते. आपल्या सोळा वर्षांच्या निर्धोक पेरण्यांचा हिशेब असा लागतो.

रक्तातले असे काहीतरी अ‍ॅलर्जी वाहून नेते, हे आयजीई सापडण्याच्या फार पूर्वी, १९२१ मध्ये, प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगावर दाखवून दिले होते. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाची अ‍ॅलर्जी होती. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउसनिट्झ यांच्या त्वचेत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांधी उठली. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई, हे इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधले.

प्रश्न : थ्रेशर सुरू होताच पाच मिनिटांत शिंका लागतात. इतक्या लवकर कशा?

कारण मास्ट पेशी कोठूनही याव्या लागत नाहीत. त्या नाकाच्या त्वचेतच ठाण मांडून असतात. पाउल एर्लिश यांनी १८७८ मध्ये त्यांना हे नाव दिले. आतील दाण्यांमुळे त्या खाऊन पुष्ट झाल्यासारख्या दिसल्या, म्हणून जर्मन भाषेतील तशा अर्थाच्या शब्दावरून नाव पडले. त्या दाण्यांत हिस्टामिन आधीच भरून ठेवलेले असते.

धुळीतील प्रथिन येऊन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरते, दोन ग्राही जवळ ओढले जातात, आणि पेशीत खटका दाबल्यासारखे होऊन दाणे बाहेर रिकामे होतात. एकाच आयजीईला धरून काही होत नाही. दोहोंना सांधणारा पूल लागतो. हिस्टामिन नाकातील चेतातंतूंना डिवचते, म्हणून खाज आणि शिंक येते. चेतातंतूंमार्फतच ग्रंथींना उलट आदेश जातो आणि पाणी वाहू लागते. केशवाहिन्या सैल होऊन सूज येते. दाणे सोडल्यानंतर मास्ट पेशी ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ ही रसायने ताजी बनवते, व त्यांच्यामुळे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील मांसल उंचवट्यांत रक्त साचून नाक बंद होऊ लागते. हा सगळा पहिला झटका काही मिनिटांत सुरू होतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो.

प्रश्न : शिंका सकाळी शेतात येतात, पण नाक चोंदते ते रात्री घरी आल्यावर. घरातही अ‍ॅलर्जी आहे का?

असू शकते, पण बहुतेक वेळा ही सकाळच्याच धुळीची दुसरी लाट असते. पहिल्या झटक्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी, निम्म्याच्या आसपास रुग्णांत, ती येते, आणि तिच्यात काम करणाऱ्या पेशी बाहेरून बोलावलेल्या असतात.

मास्ट पेशी आणि टीएच-२ पेशी सकाळीच निरोप पाठवून ठेवतात. त्यांतील इंटरल्यूकिन-५ हा निरोप अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो आणि इओसिनोफिल पेशींना बनण्याचे, बाहेर पडण्याचे आणि जगत राहण्याचे बळ देतो. रक्तात इओसिनोफिल काही तासच फिरतो, मात्र सुजलेल्या ऊतीत शिरल्यावर अनेक दिवस टिकू शकतो. त्याच्या दाण्यांतील प्रथिने जंताची कातडी जाळण्याइतकी तिखट असतात. नाकात जंत नसतो, म्हणून ती नाकाच्या भिंतीलाच पोळतात. भिंत पोळली की ती आणखी धोक्याचे निरोप सोडते.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत एका ओळखीच्या तंत्रज्ञाने एकदा माझ्याच नाकातील स्राव काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. निळसर जांभळ्या शेंबडाच्या धाग्यांत सर्वत्र इओसिनोफिल विखुरलेले होते : मधोमध चष्म्याच्या दोन भिंगांसारखे दुभागलेले केंद्रक, आणि भोवती विटकरी-नारिंगी दाण्यांची एवढी दाटी की पेशीची कडा कोठे संपते ते दिसू नये. काही पेशी फुटलेल्या होत्या आणि त्यांचे दाणे ज्वारीच्या फाटक्या पोत्यातून सांडल्यासारखे बाजूला पडले होते. पंधरा वर्षे मी या पेशीचे चित्र फळ्यावर काढत आलो. पण रात्री तोंड उघडे ठेवून का झोपावे लागते, ते मला त्या दिवशी समजले.

दुसऱ्या लाटेत बेसोफिलही येतात. त्यांचा माग कसा लागला, हे मला आवडणारे प्रकरण आहे. दुसऱ्या लाटेच्या स्रावात हिस्टामिन पुन्हा वाढलेले आढळले, परंतु मास्ट पेशीची खूण असलेले प्रोस्टाग्लँडिन डी-२ मात्र वाढलेले नव्हते. म्हणजे हिस्टामिन सोडणारा यावेळी दुसरा कोणीतरी होता. बेसोफिल हिस्टामिन बाळगतो, ते प्रोस्टाग्लँडिन जवळजवळ बनवत नाही. चोर पावलांच्या ठशांवरून नाही, तर नसलेल्या ठशांवरून पकडला गेला.

प्रश्न : हंगामाच्या सुरुवातीला पोतेभर धूळ सोसते, आणि शेवटी नुसते कुटार हलवले तरी नाक वाहते. हा भ्रम आहे का?

भ्रम नाही. रोज रोज धूळ लागल्यावर दर वेळी आधीपेक्षा कमी मात्रेत झटका येऊ लागतो, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस परागकण मोजून नाकात घालून दाखवले गेले. हंगाम चालू असताना मास्ट पेशी त्वचेच्या खोल थरातून वरच्या थरात सरकतात व तेथे त्यांची संख्या वाढते, इओसिनोफिल मुक्कामाला असतातच, आणि टाइप-२ जन्मजात लसिकापेशी नावाच्या, विशिष्ट प्रथिन ओळखण्याची गरज नसलेल्या पेशी भिंतीच्या निरोपावर इंटरल्यूकिन-५ व १३ ओतत राहतात. अशा नाकाला मग उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट किंवा पहाटेचा गार वाराही पुरतो. या वस्तूंची अ‍ॅलर्जी नसते. नाक पेटलेले असते म्हणून ते कशानेही भडकते. यासाठीच हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच आवर घालणे, शेवटच्या आठवड्यात आग विझवण्यापेक्षा सोपे असते.

प्रश्न : रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल वाढलेले निघाले. म्हणजे अ‍ॅलर्जी नक्की झाली ना?

नाही, आणि आपल्या भागात तर हा निष्कर्ष काढताना विशेष सांभाळावे. रक्तात प्रति मायक्रोलिटर ५०० पर्यंत इओसिनोफिल असणे सामान्य मानतात. त्यापेक्षा जास्त निघाले तर अ‍ॅलर्जी हे एक कारण असू शकते. परंतु अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसात आकडी जंत, किंवा गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या हत्तीरोगाच्या पट्ट्यात फायलेरियाचा जंत, हेही कारण असू शकते. एकूण आयजीईचे तसेच आहे. जंतांमुळे ते अ‍ॅलर्जीपेक्षाही कितीतरी वर जाते. उलट, नाकाची खरी अ‍ॅलर्जी असूनही रक्तातील इओसिनोफिल आणि एकूण आयजीई सामान्य असणारे रुग्ण पुष्कळ असतात, कारण लढाई नाकात चाललेली असते, रक्तात नाही. नुसत्या या एका आकड्यावर वर्षभर गोळ्या खाणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : गाजरगवताने माझे नाक गळते, आणि माझ्या भावाच्या मानेला व हातांना खाज सुटून कातडी जाड होते. एकाच गवताचे दोन आजार कसे?

एकाच गवताशी दोन वेगळ्या पेशी दोन वेगळ्या रीतींनी भांडतात. आपल्या नाकात शिरतो तो परागकण. त्यातील प्रथिनाला आयजीई ओळखते, मास्ट पेशी फुटते, आणि मिनिटांत शिंक येते. आपल्या भावाच्या कातडीला लागते ते पाने, खोड व फुलांवरील केसांत असणारे पार्थेनिन हे रसायन. ते इतके लहान असते की स्वतः होऊन प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत येत नाही. त्वचेच्या प्रथिनांना चिकटल्यावरच टी पेशी त्याला ओळखतात. येथे आयजीईचा किंवा मास्ट पेशींचा मुख्य हात नसतो. टी पेशींना गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून निंदण केल्यावर एक ते तीन दिवसांनी पुरळ उठते आणि त्याचा दोष मधल्या काळात खाल्लेल्या कशाला तरी दिला जातो. हिस्टामिनविरोधी गोळीने आपल्या शिंका थांबतात आणि भावाला फारसा गुण येत नाही, त्याचे कारणही हेच. दोन्ही त्रास एकाच माणसाला होऊ शकतात. भारतात या गवताची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली, आणि आज आपल्या एकाही धुऱ्यावर ते नाही असे नाही. ते फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलल्यानंतर उपटणे म्हणजे परागकण आपल्याच नाकाशी झटकणे.

प्रश्न : जिनिंगमध्ये काम करताना छाती भरते. तीही हीच अ‍ॅलर्जी का?

बहुधा नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा आजार वेगळा आहे. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची खूण, आणि त्यात आयजीईपेक्षा धुळीतील जिवाणूंच्या आवरणातले विषारी अंश कारणीभूत मानले जातात. चुलीच्या किंवा पऱ्हाटी जाळल्याच्या धुराने डोळे-नाक वाहते, तोही सरळ दाह असतो, आयजीई तेथे लागत नाही. मात्र धूर आणि डिझेलचा काजळीयुक्त धूर नाकाची भिंत दुबळी करून अ‍ॅलर्जीची वाट मोकळी करतात.

सोयाबीनच्या धुळीची खरी, आयजीईमार्फत होणारी अ‍ॅलर्जी असते, हे मात्र पक्के ठाऊक आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात काही दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रुग्णालयात रीघ लागे. शोध घेता ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले. बियांच्या सालीतील प्रथिने धुळीबरोबर शहरावर पसरत होती. कोठारांवर गाळण्या बसवल्यावर त्या साथी थांबल्या. आपल्याकडे थ्रेशरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मजुराच्या नाकाला अशी गाळणी कोणी बसवत नाही.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये शेतात काहीच नसते, तरी पहाटे शिंका येतात. का?

कूलर पाहावा. मागील पावसाळ्यात ओल्याच गुंडाळून ठेवलेल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि पंखा तिचे बीजाणू रात्रभर सरळ तोंडावर फेकतो. दरवर्षी नव्या ताट्या लावणे आणि टाकी दर आठवड्याला घासून कोरडी करणे, याशिवाय उपाय नाही. माइट किड्यांना दमट हवा लागते, म्हणून आपला ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा त्यांना मानवत नाही. पण ओलसर कूलरच्या खोलीत ठेवलेल्या गोधड्या त्यांना आसरा देतात. गोधड्या आणि उशा मे महिन्याच्या उन्हात चांगल्या कडक होईपर्यंत वाळवाव्यात.

प्रश्न : गोठ्यात वाढलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी होत नाही असे वाचले. मग मला कशी झाली?

युरोपातील शेतकरी कुटुंबांत, जेथे मुले अगदी तान्हेपणापासून गुरांच्या सहवासात असतात, तेथे अ‍ॅलर्जीचे प्रमाण कमी आढळले, हे खरे. गोठ्यातील जिवाणूंच्या अंशांचा सतत हलका मारा होत राहिला की नाकाच्या भिंतीच्या पेशी निरोप सोडण्यात संयम शिकतात आणि इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशींना बळ मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण हे संरक्षण धोका कमी करते, शून्य करत नाही. आणि त्याचा काळ मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांचा असतो. चाळिसाव्या वर्षी गोठा झाडायला लागून ते मिळत नाही. या कारणासाठी कच्चे दूध पिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिस व क्षयाचे जंतू येऊ शकतात.

प्रश्न : अ‍ॅलर्जीची गोळी घेतली तरी नाक उघडत नाही. गोळी बनावट आहे का?

गोळी खरी असेल, वेळ आणि पेशी चुकलेली आहे. सेटिरिझिनसारखी गोळी मास्ट पेशीला हात लावत नाही. ती हिस्टामिनच्या एच-१ ग्राहीवर जाऊन बसते आणि बाहेर पडलेल्या हिस्टामिनला जागा मिळू देत नाही. हिस्टामिन आधीच जागेवर बसलेले असेल तर उपयोग उशिरा होतो. म्हणून थ्रेशरवर जाण्याच्या तासभर आधी घेतलेली गोळी, शिंका लागल्यावर घेतलेल्या दोन गोळ्यांपेक्षा कामी येते. शिंका, खाज आणि पाणी ही हिस्टामिनची कामे असल्याने ती थांबतात. रात्रीचे चोंदणे हे ल्युकोट्राइन आणि इओसिनोफिल यांचे काम, ते हिस्टामिनविरोधी गोळीला फारसे दाद देत नाही. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या मेंदूत शिरून झोप आणतात. त्या घेऊन ट्रॅक्टरवर किंवा थ्रेशरच्या पट्ट्याजवळ जाऊ नये.

प्रश्न : डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला. चार दिवस मारला, फरक पडला नाही म्हणून सोडला. चुकले का?

चुकले. हा स्प्रे पेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचून निरोप लिहिणाऱ्या जनुकांनाच गप्प करतो. मग टीएच-२ पेशींचे निरोप कमी होतात, इओसिनोफिल येईनासे होतात आणि आलेले लवकर मरतात, वरच्या थरातील मास्ट पेशीही घटतात. असे काम एका दिवसात होत नाही. थोडा फरक पहिल्या दिवसातही जाणवू शकतो, पण पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे रोज, न चुकता, मारावा लागतो. ज्यांचा हंगाम ठरलेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून तो एक-दोन आठवडे आधी सुरू करावा. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, आणि नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारत राहिले की घोळणा फुटतो.

औषधाच्या दुकानातून मागून घेतले जाणारे, दोन मिनिटांत नाक उघडणारे थेंब ही वेगळी वस्तू आहे. ते फक्त रक्तवाहिन्या आवळतात, कोणत्याही पेशीला थांबवत नाहीत, आणि पाच-सात दिवसांहून अधिक वापरले तर त्यांच्यामुळेच नाक बंद राहू लागते.

प्रश्न : एका सुईत दोन-तीन महिने आराम मिळतो असे म्हणतात. ती का घेऊ नये?

अशी सुई बहुधा अंगात हळूहळू झिरपणाऱ्या स्टिरॉइडची असते. आराम पडतो यात शंका नाही, कारण ती सगळ्याच पेशींना एकदम गप्प बसवते. नाकातल्या तशा क्षयाच्या जंतूला दाबून ठेवणाऱ्याही. माझ्या वडिलांना एका खासगी दवाखान्यात अशी सुई 'अ‍ॅलर्जीची' म्हणून, काय आहे ते न सांगता, सलग दोन हंगाम टोचली गेली. मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले होते, आणि दोन्ही वेळा त्यांची साखर तीनशेच्या वर गेली. नाकातल्या स्प्रेची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात अत्यल्प जाते. स्टिरॉइड हे एकच नाव असले तरी या दोन वस्तू एका मापाने मोजू नयेत.

प्रश्न : अ‍ॅलर्जी मुळापासून घालवणारे काही आहे का?

सर्वांत जवळचे म्हणजे इम्युनोथेरपी. लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनमध्ये गवताच्या परागकणांचा अर्क थोडा थोडा टोचून तिची सुरुवात केली. टी पेशी किंवा आयजीई यांचा तेव्हा कोणालाच पत्ता नव्हता. नेमक्या कारणाचा अर्क वाढत्या मात्रेत त्वचेखाली टोचून किंवा जिभेखाली ठेवून, तीन ते पाच वर्षे देतात. सुरुवातीला आयजीई उलट थोडे वाढते, याने घाबरू नये. हळूहळू नियामक टी पेशी तयार होतात, त्या इंटरल्यूकिन-१० सोडून टीएच-२ पेशींना आवरतात, आणि बी पेशी आयजीजी-४ जातीची प्रतिपिंडे बनवू लागतात, जी प्रथिन मास्ट पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत धरतात. टोचल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यात थांबणे आवश्यक असते, कारण क्वचित साऱ्या शरीरभर तीव्र झटका येऊ शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण आहे ती तीन वर्षांच्या फेऱ्यांची आणि खर्चाची. कारण एक-दोनच असेल आणि नेमके ओळखले गेले असेल तरच मी कोणाला या वाटेला लागायला सुचवतो.

प्रश्न : दम्याशी याचा संबंध आहे का?

आहे. नाक आणि फुप्फुसे एकाच नळीची दोन टोके आहेत, आणि त्याच इओसिनोफिलांची, त्याच निरोपांची ये-जा दोन्हीकडे चालते. शिट्टीसारखा आवाज, पहाटेचा खोकला किंवा चढावर छाती आवळणे असे काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. एकाच नाकपुडीतून सतत स्राव, रक्त किंवा दुर्गंधी येत असेल तर ती अ‍ॅलर्जी समजून बसू नये.

प्रश्न : नेमके कारण शोधणारी चाचणी कशी असते?

हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून त्वचेला हलकेच टोचतात. त्वचेतही मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या अंगावर तेच आयजीई असते, त्यामुळे नाकात घडते तेच हातावर पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांदेखत घडते. नुसत्या द्रवाच्या थेंबापेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी गांधी उठली तर चाचणी सकारात्मक धरतात. आधी साधारण आठवडाभर हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. नाकातला स्प्रे चालतो. मात्र गांधी उठणे म्हणजे आयजीई आहे एवढेच सिद्ध होते. त्रास त्याच वस्तूने होतो का, हे रुग्णाच्या सांगण्याशी ताडून पाहावे लागते.

मी ही चाचणी करून घेतली तेव्हा सोयाबीनवर माझा पक्का संशय होता. वीस मिनिटांनी सोयाबीनच्या थेंबाखालची कातडी कोरी होती. गाजरगवताची गांधी उठली होती, आणि सर्वांत मोठी उठली होती ती अल्टरनेरिया नावाच्या बुरशीची, जी परतीच्या पावसात भिजलेल्या गंजीत मजेत वाढते. आता थ्रेशर येण्याआधी आम्ही गंजी ताडपत्रीखाली कोरडी ठेवतो, आणि ओले कुटार हलवायचे असेल तेव्हा मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, तोंडाला मास्क लावून उभा राहतो.